शिवी नसलेला निरोप

दादा,

तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या धमक्या ठाण्यात मोठ्यानं वाचून दाखवल्या. फौजदार मॅडमनीच तसं सांगितलं. विन्याच्या फोनमधले तुम्हा दोघांचे चार वर्षांचे निरोप त्यांनी कागदावर छापून घेतले होते, आणि त्या पुण्याकडच्या, त्यामुळे वऱ्हाडी वाचताना दर ओळीला अडखळत होत्या. शेवटी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तुले धुऱ्यातच गाडतो बे." "पोळ्याले बैलाले सुट्टी असते, त्या दिवशी तुलेच जुपतो अन् संध्याकाळी सोलतो." "तुही मुंडी कोंबड्याइले टाकणार होतो, पण कोंबड्या मरतीन म्हून थांबलो." प्रत्येक ओळीच्या शेवटी हसरी तोंडं, कवट्या, सुरे, आणि गेल्या वर्षापासून तुझं ते लाडकं ५५५.

"तुमचे बंधू हे रोज पाठवायचे?" मॅडमनी विचारलं.

"रोज. विन्याही पाठवायचा."

"हो, त्याचेही आहेत. पण तो जिवंत आहे. आणि तो म्हणतो, हा माणूस चार वर्षं मला मारायच्या धमक्या देत होता. त्या दिवशी खरंच मारायला आला, म्हणून मी पहार उचलली, तुमची ती सब्बल."

मी पुढचं पान उलटलं. कागदावर तर तसंच दिसत होतं. सहा वर्षं मी हेच काम करते, तुला माहीतच आहे. लोकांनी नेटवर टाकलेलं वाचायचं, खरी धमकी असेल तर लाल बटण दाबून उडवायचं, मस्करी असेल तर हिरवं दाबून सोडायचं. हा गठ्ठा कोणा अनोळखी माणसाचा म्हणून माझ्यासमोर आला असता, तर पहिल्या पानालाच मी लाल दाबलं असतं. भांडताना तू फोनवर मला तेच ऐकवलं होतंस.

"आणि हे पाचशे पंचावन्न?" मॅडमनी पेन टेकवलं. "ही काही खूण आहे का? ठरलेली जागा, वेळ, माणसं?"

मला हसू आलं. तुझ्या खुनाच्या कागदांवर बोट ठेवून बसले होते आणि हसू आलं, आणि आल्यावर ते थांबेना. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. आमच्या कामावर दर बुधवारी इतर देशांतली माणसं पडद्यावर येतात, आपापल्या भाषेतली मस्करी एकमेकांना समजावतात. त्यात थायलंडची एक मुलगी आहे. त्यांच्या भाषेत पाचाला 'हा' म्हणतात, म्हणून तिकडे हसायचं झालं की लोक ५५५ लिहितात. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून शेताच्या धुऱ्यावर बसला होतास. तू इतका हसलास की पलीकडच्या वावरातून विन्या ओरडला, "मेला का बे?" त्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक धमकीला ५५५ लागलं. विन्यानं पहिल्यांदा विचारलं होतं, "हे काय बे, तुह्या मीटरचं रीडिंग होय का?"

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. पाच म्हणजे हा. त्या काही वाईट नाहीत, दादा. त्यांना समजून घ्यायचं होतं.

शेवटच्या पानावर तुझीच एक धमकी होती. त्यानंतर वीस दिवस काही नाही, आणि मग एक ओळ, निरोप खोडल्याची. विन्यानं पाठवून नंतर खोडलेला. मॅडमनी बोट ठेवलं. "हा काय होता, तुम्हाला काही कल्पना?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. तो निरोप माझ्या फोनमध्ये होता. त्या क्षणीही मांडीवरच्या पर्समध्ये होता.

*

तुझी ती कंसाची गोष्टही मला आठवते. बुधवारच्या त्याच बैठकीत एक रशियन बाई असते. त्यांच्याकडे हसरा चेहरा काढताना डोळे काढतच नाहीत, नुसता कंस टाकतात. एक कंस म्हणजे ठीक चाललंय. तीन-चार म्हणजे खरं हसू. आणि रोज कंस टाकणाऱ्यानं एखाद्या दिवशी टाकला नाही तर समजायचं, बिनसलंय. जपानी माणसाचं उलटं. तो चेहऱ्याचे डोळे बघतो, तोंडाकडे लक्षच देत नाही. तू हे सगळं मन लावून ऐकलंस. मग म्हणालास, "मंग आपलं काय वं? आपण कायनं हसतो?"

मी म्हटलं, आपण सगळंच वापरतो, आपल्याकडे ठरलेलं असं काही नाही.

"आहे ना. आपण शिवीनं हसतो," तू म्हणालास. "अन् शिवी थांबली का समजाचं, गडी रशियन झाला."

हे मी बुधवारी त्या बाईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला लाज वाटली. पुण्यात सहा वर्षं राहून मी 'मले-तुले' गिळायला शिकले होते, आता सगळ्या जगासमोर आमच्याकडे शिवीनं हसतात म्हणून कुठे सांगू? नियमांच्या वहीत वऱ्हाडीचं एक पान आहे, ते मी लिहिलंय. त्यात ही ओळ नाही. त्यात आहे ते असं: जिवे मारण्याचा शब्द असेल तर लाल. शब्द नसेल आणि हसरा चेहरा असेल तर हिरवं. थोडक्यात आणि सुटसुटीत. त्या पानासाठी मला कौतुकाचं पत्रही मिळालं होतं.

आपलं भांडण त्या पानावरूनच तर होतं. आपल्याच भागातल्या कोणीतरी मित्राला वाढदिवसाला लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षापर्यंत जगला त मीच मारीन, तवरोक केक खाय.' मी ते उडवलं. त्याचं खातं आठवडाभर बंद झालं. मोठ्या रुबाबात तुला सांगायला गेले, आणि तू असा भडकलास की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तू आपल्या लोकाइले गुंड ठरवून राह्यली!"

"दादा, नियम आहे. शब्द बघायचा असतो."

"शब्द पाह्यते म्हणे. तुहा कान पुण्याचा झाला, रंजे. कापून फेक तो."

मी फोन ठेवला. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू निरोप पाठवलास, 'कान कापला का? पार्सलनं पाठव, कुत्र्याले टाकतो ५५५.' मी हसले आणि आपलं परत सुरू झालं, पण तो वाद मिटला नाही. पुढे कधीतरी निवांत बसून मी तुला पटवणार होते, की बाबा रे, दिवसाला आठशे निरोप वाचणाऱ्या माणसाला कान लावून बसायला वेळ नसतो. ती वेळ आलीच नाही. आता पटवायलाही काही उरलं नाही. तुझं बरोबर होतं.

*

विन्याबद्दल मला आता लिहायचं नाही, पण लिहिल्याशिवाय तुझ्याबद्दलही लिहिता येत नाही. तुम्ही दोघं लंगोटीयार. वावर लागून वावर, मधे एक धुरा, धुऱ्यावर एक बाभूळ. दुपारची भाकर तिच्याखाली. तू सोळा वर्षांचा असताना कबड्डीत त्याला असा आपटलास की त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. त्याचा आवाज मैदानाबाहेर ऐकू आला होता. मी तिथंच उभी होते. कोरडी तुराटी मोडावी तसा आवाज. विन्या मातीत लोळत होता आणि लोळता लोळता तुला शिव्या घालत होता, एकामागून एक, तुझ्या सात पिढ्यांना. तू त्याला सायकलच्या दांडीवर बसवून डॉक्टरकडे नेलंस. वाटभर त्याच्या शिव्या चालू होत्या, आणि तू म्हणे रडत होतास आणि सांगत होतास, "दे बे, अजून दे."

त्या वेळी आईनं तुला काही म्हटलं नाही, आठवतं? तेच तर भयंकर होतं. जिनं जन्मभर तुला मुडद्या आणि मला सटवे याशिवाय हाक मारली नाही, ती एकदम म्हणाली, "गजानन, जेवून घे." नऊ दिवस. गजानन, पाणी तापलं. गजानन, अभ्यास कर. तू तिच्या मागे मागे फिरायचास. "एक शिवी दे वं माय. एकच दे." ती चुलीतलं लाकूड सारखं करायची आणि शांतपणे म्हणायची, "कशाले?" दहाव्या दिवशी विन्या गळ्यात हात बांधून स्वतः आपल्या घरी चालत आला. त्याला बघितल्यावर आईनं पायातली चप्पल काढून तुला फेकून मारली. "मुडद्या, भाकर गार होऊन राह्यली, कवाची वाट पाहू?" तू चार भाकरी खाल्ल्यास. विन्यानं डाव्या हातानं तीन.

तोच विन्या. यंदा शेताची मोजणी झाली आणि खुणेचा दगड दोन फूट आपल्या बाजूला सरकला. म्हणजे बाभूळ त्याची झाली. तू म्हणालास मोजणी चुकली. त्यानं नवा दगड रोवला, तू उपटून फेकलास, त्यानं परत रोवला. इथपर्यंत शिव्या चालू होत्या, दोन्हीकडून, कवट्यांसकट. मग त्यानं एक दिवस बाभूळ तोडली. तू सांगत होतास, बुंध्यावर कुऱ्हाडीचे घाव असे आडवेतिडवे होते, की झाड पाडायचं नव्हतंच, कोणाला तरी मारायचं होतं. त्या दिवसापासून तुम्हा दोघांचे निरोप बंद झाले. वीस दिवस. चार वर्षांत एक दिवसाचाही खंड नाही, आणि मग वीस दिवस.

आणि एकविसाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तुझा मला निरोप आला. आधी विन्याच्या निरोपाचा फोटो.

'भाऊ, उद्या सकाळी धुऱ्यावर ये. बसून बोलू. :)'

दोन टिंबं आणि एक कंस. कवटी नाही, सुरा नाही. खाली तुझा आवाज. "काय वं सटवे, तुही त नोकरीच याची आहे. सांग बरं मले. विन्या मले भाऊ म्हणून राह्यला. काऊन म्हणत असन? मले कसंतरीच वाटून राह्यलं."

मी कँटीनमध्ये चहाच्या रांगेत होते. माझ्या पुढे दोन माणसं होती. मी बोललेले शब्द अकरा सेकंदांचे आहेत, मी शंभर वेळा ऐकलेत. "दादा, हसरा चेहरा टाकलाय ना त्यानं? निवळलाय तो. कधी नव्हे ते माणसासारखं बोलतोय, आणि तुला त्यातही खोट दिसते. उगाच डोकं लावू नको. जा आणि मिटवून टाक." मागे चहाच्या मशीनचा आवाज येतो.

शब्द नाही, हसरा चेहरा आहे. हिरवं.

तुझं उत्तर लगेच आलं. 'तू म्हणतं त जातो ५५५.'

*

तुला कसं मारलं ते मी लिहिणार आहे, दादा. सगळे माझ्यासमोर ते गिळतात, जणू मी काचेची आहे. मी नोकरीवर सहा वर्षं माणसं कापलेली बघितली आहेत, दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर. पहिला घाव गुडघ्यावर होता. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा गुडघा, त्याला बरोबर माहीत होता. तू पडलास. दुसरा खिशावर, त्यात फोन चुरा झाला आणि खालचं हाडही. तिसरा डोक्यावर. चौथ्याची आणि पाचव्याची काही गरज नव्हती. ते त्यानं का मारले, याचं उत्तर मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे, आणि ते देताना त्याचे दात जागेवर नसावेत असं मला वाटतं.

तोडलेल्या बाभळीपाशी थर्मास सापडला. आणि दोन स्टीलचे कप, त्यातला एक चेपलेला. आईनं सकाळी चहा भरताना विचारलं होतं, "मुडद्या, दोन कप काऊन?" तू म्हणालास, "विन्याले पाजतो, मिटलं आता." तुला कोणी सांगितलं मिटलं, हे तिनं विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस.

शेगावला गाडीतून उतरून गावाकडे येताना मी विन्याला फोनवर एक निरोप लिहिला. तो तेव्हा पोलिसांकडे होता, त्याचा फोनही. तरी लिहिला. लिहून वाचला. साधा, सभ्य, दोन ओळींचा. एकही शिवी नव्हती त्यात. ते बघितलं आणि तेव्हा कळलं की मला त्याला खरंच मारायचं आहे. तो निरोप मी खोडला. राग अजून आहे. भाकरीचं पीठ मळताना येतो, केस विंचरताना येतो. कधी तुझ्यावरही येतो. तुझ्या कानानं तुला बरोबर सांगितलं होतं, मग माझं कशाला ऐकलंस? तू तर कधीच माझं ऐकत नव्हतास.

तेरवीपर्यंत मी कोणालाच काही सांगितलं नाही. तुझा फोन नाही, विन्याचा निरोप खोडलेला. फोटो आणि ते अकरा सेकंद फक्त माझ्याकडे. एक बोट टेकवलं असतं तर जगात कुठेच राहिलं नसतं, आणि खोडण्याचीच तर माझी नोकरी. मग तू तुझ्याच धमक्यांचा माणूस उरला असतास, मारायला गेला आणि मेला. विन्या दोन-चार वर्षांत सुटून आला असता आणि धुऱ्यावर बसला असता. आणि आईला कधीच कळलं नसतं की तुला जा कोणी म्हटलं. ठाण्यात 'नाही' म्हटलं ते त्यासाठी. येताना एसटीत खिडकीला डोकं लावून मी मलाच पटवत होते, की तिचा एक गेला, दुसरी कशाला घालवायची.

घरी आले तर ती ओसरीवर सुपात तूर निवडत होती. "काय म्हणे ती बाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुमचा मुलगा धमक्या द्यायचा म्हणे.

"कोणत्या? वाच बरं."

मला सुटकाच दिली नाही. मी म्हणायला लागले, आठवतील तशा. कोंबड्यांची ऐकून तिच्या तोंडावर पदर गेला. "मेला. कोंबड्याइची काळजी त्याले." पोळ्याची तिनं दोनदा म्हणवून घेतली. तुझ्यामागे पहिल्यांदा आई हसली दादा, आणि हसता हसता सुपात टिपं पडली. ती म्हणाली, "अजून." माझ्याकडे आणखी एकच निरोप उरला होता. मी तिला फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, दोन टिंबं आणि कंस म्हणजे हसणारं तोंड, हेही सांगितलं.

तिचा हात सुपात थांबला.

"हे विन्याचं नोहे."

"त्याचंच आहे, आई."

"मंग शिवी कुठी हाय?"

माझी सहा वर्षं, दिवसाला आठशे, कौतुकाचं पत्र. आणि ही बाई शाळेची पायरी न चढलेली. तिला एवढाही वेळ लागला नाही.

मग मी तिला तुझा आवाज ऐकवला. आणि माझा. अकरा सेकंद ती सुपाकडेच बघत होती. मी तुझं शेवटचं उत्तरही वाचलं.

"अन् हे पाच पाच काय?"

"हसू आहे, आई. तिकडचं."

"हसत गेला म्हण," ती म्हणाली. तिनं सूप उचलून भिंतीला लावलं, लुगडं झटकलं आणि उभी राहिली. "बरं, रंजना. हात धू. जेवून घे."

*

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन फोन टेबलावर ठेवला. मॅडमनी सगळं ऐकलं, परत ऐकलं. "हे काल का नाही दिलंत?"

"मीच त्याला पाठवलं होतं म्हणून."

त्यांनी फोटो परत उघडला. मग म्हणाल्या, "यात त्यानं काहीच वाईट लिहिलेलं नाही. उलट चांगलं लिहिलंय. शिवी नाही म्हणून ही धमकी, हे मी कुणाला कसं पटवू?"

"काल पाचशे पंचावन्न पटवलं तसं," मी म्हटलं. आणि माझ्या जबाबात मी ते पान परत लिहिलं, दादा, नियमांच्या वहीतलं, पण या वेळी तुझ्या कानानं. आमच्याकडे माणूस माणसाला गाडायची भाषा करतो तेव्हा तो त्याच्यासोबत जेवणार असतो. वीस दिवस गप्प राहून तो गोड बोलला तर दार लावून घ्यायचं. माझा भाऊ हे जाणून होता आणि घाबरलाही होता. मी त्याला खोटं पाडलं, म्हणून तो दोन कप घेऊन गेला. जो मारायला जातो तो दोन कप नेत नाही. चार पानं झाली. मॅडमनी प्रत्येक पानावर माझी सही घेतली आणि चेपलेल्या कपाची नोंद आहे ना, ते त्या उठून स्वतः बघून आल्या. उद्या विन्याचा वकील मला भर न्यायालयात विचारेल, म्हणजे तुमच्याच सांगण्यावरून गेला ना? मी हो म्हणेन. ते म्हणायची ताकद माझ्यात आहे, आता ठाऊक आहे मला.

घरात मात्र ताकद चालत नाही. रंजना, पाणी तापलं. रंजना, अंथरूण घातलं. रंजना, फोन वाजतोय तुझा. तुझे नऊ दिवस होते, माझे अकरा झाले. तुला मागे मागे फिरता तरी येत होतं, तू लहान होतास, आणि तू मोडलेलं हाड सांधणारं होतं. मी कुठल्या तोंडानं शिवी मागू? मी निमूट जेवते, ताट घासते, तिचे पाय दाबायला बसले तर ती पाय काढून घेत नाही, आणि तेही मला सहन होत नाही. एकदा वाटलं, विन्यासारखीच सब्बल घेऊन आली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी बॅग भरली. नोकरीवर जायचंय, निदान ती ओळ वहीत घालायला तरी. मग सोडायची की नाही ते बघू. आई चुलीपुढे होती. मी पाया पडले. ती म्हणाली, "नीट जा." मी चपला घातल्या, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली. पाठीवर काहीतरी फाडकन बसलं. वळून बघितलं तर तिची चप्पल माझ्या पायाशी पडली होती आणि ती उंबऱ्यात एका अनवाणी पायावर उभी होती, हातात माझा विसरलेला डबा.

"सटवे, हा कोण तुहा बाप नेणार हाय का?" आवाज फुटत होता तिचा, पण गल्लीभर ऐकू गेला. "अन् याच्यापुढं कोणाले जाय म्हणाच्या आंधी मले विचारत जाय."

मी चप्पल उचलली, परत आत आले आणि तिच्या पायात घातली.

"हाव, माय," मी म्हटलं.